पॅटमॉस बेटावरील होरा : टेकडीवरच्या पांढऱ्या गावाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीसच्या बेटांवरील पांढरी गावे म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सँटोरिनी आणि मिकोनोस येतात. पॅटमॉस बेटावरचे होरा हे गाव त्या मानाने कमी परिचित आहे. एका मध्ययुगीन मठाच्या भोवती वाढलेले हे गाव आजही त्या मठाच्या दिनक्रमाने चालते. तेथे जाऊ इच्छिणाऱ्या मराठी प्रवाशांच्या मनात साधारणपणे जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

होरा नेमके कोठे आहे?

पॅटमॉस हे एजियन समुद्राच्या पूर्व भागातील, डोडेकनीज द्वीपसमूहातील सुमारे ३४ चौरस किलोमीटरचे लहान बेट आहे. बेटाचा मधला भाग अगदी चिंचोळा असून तेथेच स्काला हे बंदर आहे. स्कालाच्या दक्षिणेकडील टेकडीवर होरा वसलेले आहे. बोट बंदराजवळ येऊ लागते तेव्हा टेकडीच्या माथ्यावर आधी मठाची काळपट तटबंदी दिसते आणि मग तिच्या पायथ्याशी दाटीवाटीने बसलेली पांढरी घरे दिसू लागतात. होरा, संत योहानाचा मठ आणि प्रकटीकरणाची गुहा या तिन्हींचा १९९९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत एकत्रित समावेश झाला.

या बेटाला धार्मिक महत्त्व कशामुळे आले?

बायबलच्या नव्या करारातील शेवटचे पुस्तक म्हणजे 'प्रकटीकरण'. त्याच्या पहिल्याच अध्यायात योहान (परंपरेनुसार येशूचा शिष्य) सांगतो की आपण या बेटावर असताना आपल्याला दर्शन झाले. मराठी बायबलमध्ये बेटाचे नाव 'पात्म' असे आहे. रोमन सम्राट डोमिशियन याच्या कारकिर्दीत, इ. स. ९५ च्या सुमारास, योहानाला येथे हद्दपार करण्यात आले होते, अशी परंपरा आहे. त्यानंतरच्या काही शतकांत चाच्यांच्या उपद्रवामुळे बेट जवळजवळ ओसाड पडले, आणि आज आपण पाहतो त्या गावाची कथा थेट अकराव्या शतकात सुरू होते.

मग गाव वसले कसे?

इ. स. १०८८ मध्ये बायझंटाईन सम्राट पहिला अलेक्सिओस कोम्निनोस याने ख्रिस्तोदुलोस नावाच्या साधूला हे संपूर्ण बेट दान दिले. ख्रिस्तोदुलोस हा आशिया मायनरमधला. तुर्की स्वाऱ्यांमुळे तेथील मठ सोडून तो कोस बेटावर आला होता, आणि कोसवरील आपल्या जमिनींच्या बदल्यात त्याने पॅटमॉस मागून घेतले. सम्राटाच्या सुवर्णमुद्रेने अंकित झालेली ती मूळ सनद मठात अजूनही जपून ठेवलेली आहे आणि संग्रहालयात पाहता येते. बेटाच्या नऊशे वर्षांच्या इतिहासाचा कायदेशीर पाया असलेला हा कागद, आमच्या मते, तेथील सोन्याचांदीच्या वस्तूंपेक्षाही अधिक वेळ थांबून पाहण्यासारखा आहे.

ख्रिस्तोदुलोसची कल्पना एकांतवासाची होती, त्यामुळे सुरुवातीला मठाजवळ कुटुंबांनी राहावे हे त्याला मान्य नव्हते. बांधकामावरील मजुरांची बायकामुले बेटाच्या दुसऱ्या भागात राहत. पण उघड्या किनाऱ्यावर चाच्यांची भीती मोठी होती. संकट आले की आत शिरता यावे म्हणून लोक हळूहळू तटबंदीच्या आधाराला येऊन राहू लागले. १४५३ मध्ये बायझंटाईन राजधानी कॉन्स्टँटिनोपल उस्मानी तुर्कांच्या हाती पडल्यावर तेथून आलेल्या निर्वासितांनी मठाच्या पश्चिमेला वस्ती केली, तिला अलोतिना म्हणतात. १६५९ मध्ये व्हेनिसचा सेनापती फ्रान्सेस्को मोरोसिनी याच्या सैन्याने गाव लुटले. त्यानंतर दहा वर्षांनी, १६६९ मध्ये, क्रीट बेटावरील कँडिया शहर उस्मानी तुर्कांच्या हाती गेले आणि तेथून आलेल्यांची क्रितिका ही वस्ती उभी राहिली. म्हणजे होरातून एक चक्कर मारताना आपण दोन मोठ्या पाडावांतून जीव वाचवून आलेल्या माणसांच्या वस्त्यांतून चालत असतो. गावाच्या सौंदर्याइतकीच ही जाणीवही तेथे फिरताना मनात असावी, असे आम्हाला मनापासून वाटते.

घरे पांढरी का आहेत? आणि मठ पांढरा का नाही?

घरांना चुन्याची सफेदी देण्यामागे अनेक व्यावहारिक कारणे आहेत. पांढरा रंग ऊन परावर्तित करतो, त्यामुळे जाड दगडी भिंतींच्या आतले घर उन्हाळ्यात थंड राहते. भिजवलेला चुना जंतुनाशक आहे, स्वस्त आहे आणि दरवर्षी घरच्या घरी लावता येतो. शिवाय पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या या बेटांवर धाब्याच्या छपरांवर पडणारे पावसाचे पाणी जमिनीखालच्या टाक्यांत साठवण्याची जुनी पद्धत आहे. अशा ठिकाणी छपरावरचा स्वच्छ चुना हा पिण्याच्या पाण्याच्या स्वच्छतेचाही भाग होतो. सफेदीचा हात साधारणपणे वसंत ऋतूत, ईस्टरच्या आधी दिला जातो.

१९३० च्या दशकात ग्रीक सरकारने रोगराई टाळण्यासाठी सफेदीची सक्ती केली आणि म्हणून बेटे पांढरी झाली, अशी हकिकत पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. इतर बेटांचे काही असो, पॅटमॉसला ती लागू पडत नाही. १९१२ पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत डोडेकनीज बेटे इटलीच्या ताब्यात होती आणि ती ग्रीसमध्ये औपचारिकपणे सामील झाली १९४८ मध्ये. त्यामुळे अथेन्सचा त्या काळातला कोणताही हुकूम येथे चालत नव्हता.

मठाच्या बाहेरील भिंती मात्र उघड्या दगडाच्याच आहेत. बेट ज्वालामुखीच्या खडकाचे असल्यामुळे तो दगड करडा-तपकिरी दिसतो, आणि पांढऱ्या गावाच्या मधोमध उभा असलेला हा मठ दुरून पाहणाऱ्याला किल्लाच वाटतो. तो तसाच वाटावा अशी बांधणाऱ्यांची योजना होती. बुरूज, जंग्या आणि सुमारे पंधरा मीटर उंचीची तटबंदी, हे सारे चाच्यांसाठी होते. मुख्य दरवाजातून आत जाण्यापूर्वी मान वर करून पाहिल्यास दरवाजाच्या नेमके वर एक अरुंद खाच दिसते. हल्लेखोर दाराशी आले की तेथून त्यांच्यावर उकळते तेल किंवा पाणी ओतण्याची सोय केलेली होती.

गावात फिरताना रस्ता चुकतो का?

होय, चुकतोच, आणि त्याची काळजी करण्याचे कारण नाही. बोळ अरुंद आहेत, काही ठिकाणी वरच्या मजल्यांच्या कमानी त्यांच्यावर आल्यामुळे ते झाकलेले आहेत, आणि एकही बोळ फार वेळ सरळ जात नाही. आलेल्या शत्रूचा गोंधळ व्हावा आणि वारा अडावा, हे दोन्ही हेतू त्यातून साधतात. मोबाइलवरील नकाशा उंच भिंतींमध्ये बऱ्याचदा गोंधळतो. त्यापेक्षा सोपा नियम असा की चढ लागला तर आपण मठाकडे चाललो आहोत आणि उतार लागला तर गावाच्या कडेकडे.

बोळात उभे राहिल्यावर घरांचे फारसे काही दिसत नाही. बाहेरून उंच, जवळजवळ कोऱ्या पांढऱ्या भिंती, त्यांत दगडी चौकटीचा एक दरवाजा आणि वर थोड्या लहान खिडक्या, एवढेच दृष्टीस पडते. घराचे सारे वैभव आतल्या अंगणाकडे तोंड करून आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत येथील जहाजमालक व्यापाऱ्यांनी चांगलाच पैसा मिळवला आणि ऐसपैस वाडे बांधले, पण रस्त्यावरून श्रीमंतीचा अंदाज येऊ नये याची दक्षताही घेतली. आत काय असते याची कल्पना येण्यासाठी सिमांतिरिस घराण्याचे सतराव्या शतकातील घर आणि निकोलाइडिस वाडा ही दोन ठिकाणे उघडी असतील तेव्हा जरूर पाहावीत. इतर घरे खासगी आहेत. दार अर्धे उघडे दिसले तरी आत डोकावून छायाचित्र काढणे योग्य नाही.

गावाच्या एका चौकाला इमॅन्युएल झँथोस याचे नाव आहे. १८१४ मध्ये ओडेसा येथे ग्रीक स्वातंत्र्यासाठी स्थापन झालेल्या फिलिकी एतेरिया या गुप्त संघटनेच्या तीन संस्थापकांपैकी तो एक, आणि मूळचा पॅटमॉसचा. या चौकाच्या आसपासच्या मोकळ्या कठड्यावरून स्कालाचे बंदर आणि त्यापलीकडे हवा स्वच्छ असल्यास इकारिया, सामोस ही बेटे दिसतात. गावाच्या पूर्वेकडील कड्यावर तीन पवनचक्क्या आहेत. त्यांतल्या दोन सोळाव्या शतकातील असून तिन्हींची अलीकडच्या काळात काळजीपूर्वक डागडुजी झाली आहे.

मठात काय पाहावे?

दरवाजातून आत गेल्यावर गोट्यांची फरसबंदी असलेला एक छोटा चौक लागतो. त्याच्या भोवती कमानी, वरच्या मजल्यांवर जाणारे जिने आणि पांढरे सज्जे एकमेकांत गुंतलेले आहेत. मुख्य चर्चच्या बाहेरच्या ओवरीत योहानाच्या जीवनातील प्रसंगांची चित्रे आहेत. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावायला थोडा वेळ लागतो, मग धुराने गडद झालेले लाकडी कोरीवकाम, टांगलेले दिवे आणि चांदीने मढवलेल्या प्रतिमा एकेक करून उमटू लागतात. ख्रिस्तोदुलोसच्या अस्थी येथेच एका बाजूच्या प्रार्थनागृहात आहेत. तुर्की हल्ल्यांमुळे त्याला बेट सोडावे लागले आणि १०९३ मध्ये युबिया बेटावर त्याचे निधन झाले, पण शिष्यांनी त्याचा देह पॅटमॉसला परत आणला.

चर्चला लागून मरियेचे एक लहान प्रार्थनागृह आहे, आणि मठात एकच गोष्ट निवांत पाहायची असेल तर ती हीच असावी. येथील भित्तिचित्रे बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहेत. १९५६ च्या भूकंपानंतर दुरुस्ती करताना नंतरच्या काळातील चित्रांच्या थराखाली ती सापडली. मरियेच्या दोन्ही बाजूंस उभ्या असलेल्या देवदूतांचे चेहरे आणि वस्त्रांच्या घड्या पाहताना हे काम राजधानी कॉन्स्टँटिनोपलच्या तोडीच्या चित्रकाराचे असावे हे जाणवते. खोली लहान असल्यामुळे गट आत असेल तर बाहेर थांबावे आणि तो गेल्यावर आत जावे.

मठाचे ग्रंथालय पाहता येते का?

ग्रंथालय सर्वसाधारण प्रवाशांसाठी खुले नसते, तेथे अभ्यासकांनाच परवानगी मिळते. मात्र निवडक हस्तलिखिते संग्रहालयात मांडलेली असतात. त्यांत सहाव्या शतकातील मार्काच्या शुभवर्तमानाची जांभळ्या रंगाच्या चर्मपत्रावर चांदीच्या अक्षरांत लिहिलेली पाने विशेष महत्त्वाची आहेत. मठाकडे अशी ३३ पाने आहेत, तर याच ग्रंथाचा मोठा भाग आज सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे.

येथून गेलेल्या ग्रंथांचीही नोंद घ्यावी लागते. इ. स. ८९५ मध्ये नकललेले प्लेटोच्या संवादांचे हस्तलिखित शतकानुशतके याच मठात होते. १८०१ मध्ये एडवर्ड डॅनियल क्लार्क या इंग्रज प्रवाशाने ते विकत घेतले आणि ते आता ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. समुद्रातल्या एका उजाड टेकडीवर प्लेटो टिकून राहिला, तो तेथील भिक्षूंनी कपाटे सांभाळली म्हणूनच.

प्रकटीकरणाची गुहा होरातच आहे का?

नाही. योहानाला जेथे दर्शन झाले असे मानतात ती ही गुहा स्काला आणि होरा यांच्या साधारण मध्यावर, उतारावर आहे. रस्त्यावरून पायऱ्या उतरत, संत अॅनाच्या छोट्या चर्चमधून गुहेत जावे लागते. जागा लहान, छत ठेंगणे. भाविकांच्या परंपरेनुसार योहान जेथे डोके टेकत असे तो खळगा आणि उठताना जेथे हाताचा आधार घेत असे तो दुसरा खळगा, हे दोन्ही चांदीच्या कड्यांनी मढवलेले आहेत. खडकाला वर तीन फाट्यांची भेग आहे. देवाची वाणी ऐकू आली तेव्हा ती पडली आणि ती त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या ऐक्याची खूण आहे, अशी श्रद्धा आहे. योहानाचा शिष्य प्रोखोरोस याने ज्याच्यावर ठेवून लेखन केले असे मानतात, तो खडकाचा उतरता भागही दाखवला जातो.

गुहेच्या शेजारीच पॅटमियन विद्यालयाच्या जुन्या इमारती आहेत. १७१३ मध्ये मकारिओस कालोगेरास याने स्थापन केलेले हे विद्यालय उस्मानी अमलाखालील ग्रीकांसाठी मोठे शिक्षणकेंद्र ठरले.

ख्रिस्ती नसलेल्यांना प्रवेश आहे का? कोणते नियम पाळावेत?

प्रवेश सर्वांना आहे. स्त्री-पुरुष दोघांचेही खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, एवढी अपेक्षा असते. सलवार-कमीज किंवा साडी नेसून गेल्यास काहीच अडचण येत नाही. अर्ध्या विजारी मात्र चालत नाहीत. चर्चमध्ये आणि गुहेत छायाचित्रे काढू नयेत, मोबाइल बंद ठेवावा आणि उपासना सुरू असेल तर मागे, कडेला शांतपणे उभे राहावे. दर्शनाच्या वेळा वार आणि हंगामानुसार बदलतात. दुपारी बराच काळ दोन्ही ठिकाणे बंद असतात, म्हणून सकाळीच जाणे हिताचे. मोठी पर्यटक जहाजे बंदरात असतील त्या दिवशी गुहेत क्षणभरही निवांतपणा मिळत नाही. अशा दिवशी गुहा उघडताच जावे किंवा जहाज निघून गेल्यावरचा दिवस निवडावा.

स्कालाहून होरात कसे जावे?

बस आणि टॅक्सी दोन्ही मिळतात, आणि अंतर काही किलोमीटरचेच आहे. परंतु पायांना त्रास नसेल तर जुन्या दगडी वाटेने चढावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. कोकणातल्या पाखाडीसारखी ही फरसबंद वाट झाडांच्या सावलीतून गुहेपाशी येते आणि पुढे मोकळ्या उतारावरून गावात शिरते. गुहेत थांबण्याचा वेळ सोडला तर सावकाश चालणाऱ्यालाही तासाभरात वर पोहोचता येते. जुने दगड गुळगुळीत झालेले असल्यामुळे चपलांऐवजी पकड असलेले बूट घालावेत आणि पाणी जवळ ठेवावे. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघणे आवश्यक आहे.

महाराष्ट्रातून तेथपर्यंत पोहोचायचे कसे?

ग्रीस शेंगेन क्षेत्रात असल्यामुळे भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि तो किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. उन्हाळ्यात मुलाखतीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून शेवटच्या आठवड्यांवर विसंबू नये. किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा बंधनकारक आहे.

पॅटमॉसवर विमानतळ नाही, आणि बेटाची शांतता टिकून राहण्याचे ते एक मोठे कारण आहे. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून फेरी बोटीने सात ते नऊ तास लागतात, आणि बोट पुष्कळदा मध्यरात्रीनंतर स्कालाला लागते. त्यामुळे मुक्कामाच्या जागी येण्याची वेळ आधी कळवून ठेवावी. दुसरा मार्ग म्हणजे विमानाने सामोस, कोस किंवा लेरोसला जाऊन तेथून लहान वेगवान बोटीने येणे. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा जोरदार वारा वाहतो आणि त्यामुळे बोटींचे वेळापत्रक कोलमडू शकते. परतीचे विमान ज्या दिवशी असेल त्याच दिवशी बेट सोडण्याचा बेत कधीही करू नये.

कोणत्या महिन्यांत जावे?

मे, जून आणि सप्टेंबर हे महिने सर्वांत चांगले. ऑगस्टमध्ये, विशेषतः मरियेच्या १५ तारखेच्या सणाच्या आसपास, गर्दी आणि भाडी दोन्ही वाढतात. संत योहानाचे सण ८ मे आणि २६ सप्टेंबर या दिवशी असतात.

ज्यांना गाव त्याच्या पूर्ण अर्थाने पाहायचे आहे, त्यांनी ऑर्थोडॉक्स ईस्टरचा आठवडा निवडावा. त्याची तारीख पाश्चात्त्य ईस्टरपेक्षा बहुधा वेगळी असते, हे आरक्षणापूर्वी तपासावे. त्या आठवड्यातील गुरुवारी होराच्या चौकात निप्तिरास हा विधी होतो. येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्या प्रसंगाच्या स्मरणार्थ मठाधिपती सर्व लोकांच्या समोर बारा भिक्षूंचे पाय धुतात. बेटाबाहेर राहणारी पॅटमॉसची माणसेही त्या दिवसांत गावी परततात, म्हणून राहण्याची सोय काही महिने आधीच करावी लागते.

शाकाहारी जेवण मिळते का?

व्यवस्थित मिळते. चण्यांची रस्सेदार भाजी, पिवळ्या डाळीचा फावा, तेल-लिंबू घातलेल्या उकडलेल्या रानभाज्या, भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या असे पदार्थ खानावळीत असतात. भरलेल्या भाज्यांत कधी खिमाही घालतात, म्हणून विचारून घ्यावे. ऑर्थोडॉक्स उपवासाच्या काळात निस्तिसिमो म्हणून मिळणाऱ्या पदार्थांत मांस, अंडी आणि दूध नसते. मात्र त्या उपवासाला माकूल, आठपायी, कोळंबी चालतात, त्यामुळे केवळ उपवासाचा पदार्थ आहे एवढ्यावर समाधान मानू नये. पॅटमॉसची खास चीजची तिरोपिता बेकरीत सकाळी ताजी मिळते आणि न्याहारीसाठी ती उत्तम.

मुक्काम होरात करावा की स्कालात?

बोटी, बँका, दुकाने आणि स्वस्त खोल्या स्कालात आहेत. होरात खोल्या कमी आणि महाग आहेत. लहान मुले किंवा जड सामान असेल तर स्काला सोयीचे. तरीही शक्य असल्यास एक रात्र होरात काढावी, कारण दिवसाच्या सहली संपल्यावर गाव आपल्या माणसांकडे परत जाते. संध्याकाळी शेजारणी पायऱ्यांवर गप्पा मारत बसतात, मुले चौकात चेंडू खेळतात आणि घंटेच्या वेळी सगळे आपापल्या चर्चकडे वळतात. हे पाहण्यासाठी वर राहणेच भाग आहे.

ज्येष्ठ नागरिकांना झेपेल का?

गावाच्या वेशीपर्यंत वाहन जाते. तेथून मठापर्यंत चढाचा बोळ आणि पायऱ्या आहेत, आणि मठातही जिने आहेत. काठी घेऊन, थांबत थांबत जाता येते, पण चाकाच्या खुर्चीने जाणे प्रत्यक्षात शक्य होत नाही. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी टॅक्सीने वर जाऊन चौकात बसावे. गुहेच्या पायऱ्या उतरताना सोपे वाटते, परंतु त्याच पुन्हा चढायच्या असतात, हे ध्यानात ठेवावे.

किती दिवस लागतात, आणि आणखी काय पाहता येईल?

केवळ होरा, मठ आणि गुहा यांसाठी दोन पूर्ण दिवस द्यावेत. दुपारी सर्व काही बंद असते त्या वेळात गावाच्या नैर्ऋत्येकडील झोओदोखोस पिगी या १६०७ मध्ये स्थापन झालेल्या ख्रिस्ती जोगिणींच्या मठाकडे सावलीसावलीने चालत जावे, म्हणजे तो उघडण्याच्या वेळेस तेथे पोहोचता येते. फुलांनी भरलेले त्याचे अंगण आणि तेथील भित्तिचित्रे पाहण्यासारखी आहेत. तिसरा दिवस मिळाल्यास दक्षिणेकडील प्सिली आमोसच्या वाळूच्या किनाऱ्यावर किंवा उत्तरेकडील लांबी येथील रंगीत गोट्यांच्या किनाऱ्यावर घालवता येईल. लांबीचे गोटे मात्र उचलून आणू नयेत, ते तेथेच राहू द्यावेत.